प्रश्न तुमचे, हिशेब आमचा : कोठीतला गहू, न शिजणारी डाळ आणि दीडशे युनिटांची रेघ

रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) आटोपली की इंदूरच्या मराठी घरांत गहू भरणं आणि वाळवणं सुरू होतं. या महिन्यातली निम्मी पत्रं त्याबद्दलच आहेत, बाकीची गॅस आणि विजेच्या बिलाबद्दल. उत्तरांत जिथे भाव दिलेत ते हिशेब समजण्यापुरते धरलेले आहेत. त्या जागी तुमच्या दुकानाचा भाव घाला आणि आकडेमोड पुन्हा करा.

प्रश्न : दरवर्षी एप्रिलमध्ये छावणीच्या मंडीतून सहा कट्टे गहू आणतो (कट्टा ५० किलोचा). घरात चार माणसं. दिवाळीच्या सुमारास तळाच्या गव्हात सोंडे दिसतात, मग चाळण्यात आणि वाळवण्यात जीव जातो. दुकानदार म्हणतो गोळ्या टाका, सून म्हणते पाकिटातला आटा आणा. काय परवडेल? (सुदामा नगर)

उत्तर : आधी लागतो किती ते पाहू. एका मध्यम पोळीला साधारण ३० ग्रॅम कणीक जाते. माणशी दिवसाला सहा पोळ्या धरल्या तर चौघांच्या चोवीस, म्हणजे ७२० ग्रॅम. महिन्याला २२ किलो, वर्षाला २६० किलो. पाहुणे-रावळे धरून तुमचे सहा कट्टे ठीक आहेत, पण त्यात शिल्लक फारशी नाही हेही लक्षात घ्या.

आता परवडण्याचं. समजा गहू ३२ रुपये किलो पडला. निवडण्या-चाळण्यात दोन-तीन टक्के तूट, म्हणजे जवळपास ३३. दळणाचे ५ रुपये. घरची कणीक ३८ रुपयांना पडली. पाकिटातला आटा ४५ चा धरला तर किलोमागे ७ रुपये वाचतात, वर्षाला अठराशेच्या आसपास. पण एक कट्टा किडून गेला की सोळाशे रुपये गेले, म्हणजे वर्षाची बचत जवळजवळ संपलीच. गहू भरण्यातला फायदा सगळा टिकवण्यात आहे, भावात नाही.

सोंडा बाहेरून येतो तसा आतूनही येतो. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवते. त्यामुळे स्वच्छ निवडलेल्या गव्हातही तो असू शकतो, आणि चाळून जात नाही. दमट उबेत महिन्याभरात नवी पिढी बाहेर पडते. म्हणून एप्रिलमध्ये काही दिसत नाही आणि पावसाळा सरता सरता कोठी भरून किडे निघतात. त्याला थोपवायचं तर गव्हातला ओलावा १२ टक्क्यांच्या खाली हवा.

इंदूरचं एप्रिलचं ऊन यासाठी पुरेसं कडक असतं. गच्चीवर ताडपत्री टाकून दोन इंचांपेक्षा जाड नाही असा थर पसरा, दिवसातून तीन-चार वेळा पाय फिरवा, असं दोन दिवस. वाळला की नाही याची परीक्षा सोपी आहे. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर गहू आणि दोन चमचे अगदी कोरडं मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर गहू अजून ओला आहे. मीठ मोकळं राहिलं तरी एक दाणा दाताखाली धरून पाहा, ‘कट्’ असा तुटला पाहिजे, चेपला जाता कामा नये.

यानंतरची पायरी बहुतेक घरांत चुकते. ऊन उतरताना गरम गहू तसाच कोठीत ओततात. पत्र्याची कोठी रात्री गार पडते, आतली वाफ पत्र्याला धरते आणि कडेच्या गव्हाला बुरशी लागते. गहू रात्रभर घरात पसरून पूर्ण निवू द्या, सकाळी भरा.

कोठी भरण्याआधी सांध्यांतलं जुनं पीठ ब्रशने काढा, कोठीही उन्हात तापवा. मागल्या वर्षीचे रिकामे कट्टे पुन्हा वापरू नका, त्यांच्या शिवणीत किडे दडलेले असतात. कोठी विटांवर ठेवा, भिंतीला टेकवू नका. गळ्यापर्यंत भरा, झाकणाच्या फटीला चिकटपट्टी लावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोज उघडायचा डबा वेगळा ठेवा. २०-२५ किलोचा, महिन्यापुरता. मोठी कोठी महिन्यातून एकदाच उघडायची, तीही पाऊस पडत असताना नाही. एकाच कोठीत सहा कट्टे भरून रोज दळणाला त्यातून काढत असाल, तर तळाचा गहू टिकणं अवघडच. शक्य असेल तर तीन-तीन कट्ट्यांच्या दोन कोठ्या करा. दुसरी कोठी दिवाळीपर्यंत उघडायचीच नाही.

कडुनिंबाचा पाला चालतो, पण सावलीत खडखडीत वाळवलेला. ओला पाला घातला तर आपणच कोठीत ओलावा नेऊन ठेवतो. शिवाय त्याने किडे दूर राहतात, मरत नाहीत, तेव्हा त्यावरच विसंबू नका. एरंडेल चोळणं डाळींना उत्तम, किलोला अर्धा ते एक चमचा. तीनशे किलो गव्हाला ते कोण चोळणार, आणि चक्कीवालाही कुरकुरतो.

गोळ्यांबद्दल स्पष्ट सांगतो. सल्फास म्हणून ज्या गोळ्या मिळतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. त्यातून फॉस्फीन हा विषारी वायू निघतो. तो बंद गोदामात, जाणकार माणसाने वापरायचा. माणसं झोपतात त्या घरात ती गोळी आणायचीच नाही, कितीही स्वस्त असो. पाऱ्याच्या टिकड्याही नकोत, फुटून गव्हात मिसळल्या तर चाळणीने निघत नाहीत.

गव्हाची जात निवडताना एवढंच पाहा. रोजच्या पोळीला लोकवन पुरे. ‘पूर्णा’ (एचआय १५४४) ही इंदूरच्याच गहू संशोधन केंद्राची जात, तिचीही पोळी छान होते. शरबतीचे जास्तीचे पैसे चवीचे आहेत, पोट भरण्याचे नाहीत. बाफले (उकडून भाजलेल्या बाट्या), रवा, लापशी यांसाठी काठिया गहू वेगळा, दहा-पंधरा किलो. काठियाची पोळी गार झाली की कडक होते, त्यामुळे तो पोळीच्या गव्हात मिसळू नका.

प्रश्न : तुरीच्या डाळीला सात-आठ शिट्ट्या झाल्या तरी डाळ वर पाणी, खाली दाणे अशीच राहते. डाळ बदलून पाहिली. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, नर्मदेचं एक दिवसाआड येतं. (राजेंद्र नगर)

उत्तर : डाळ बदलून फरक पडला नाही म्हणजे दोष बहुधा पाण्याचा. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशी जोडणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, म्हणून दाणा फुटत नाही. आंबट पदार्थांनीही तसंच होतं. टोमॅटो, चिंच, कोकम कुकरमध्ये डाळीबरोबर घालत असाल तर थांबवा, डाळ घोटून झाल्यावर घाला. मीठही नंतरच.

नर्मदेचं पाणी येतं त्या दिवशी डाळ-भातासाठी दोन कळश्या वेगळ्या भरून ठेवा. चौघांच्या स्वयंपाकाला दिवसाला पाच-सहा लिटर पुरतात. ते नसेल तर बोअरचं पाणी दहा मिनिटं उकळून, निवल्यावर तळाचा पांढरा साका न हलवता वरचं पाणी ओतून घ्या. जडपणाचा काही भाग त्याने जातो, सगळा नाही. पण त्यात गॅस जातो, तेव्हा हा रोजचा उपाय नव्हे.

कृती अशी करा. एक वाटी डाळ कोमट पाण्याने धुवा (तेल लावलेली असेल तर दोनदा), अर्धा तास भिजवा. अडीच वाट्या पाणी, हळद, हिंग, तेलाचे चार थेंब. तेलाने फेस कमी येतो आणि शिट्टी तुंबत नाही. मोठ्या आचेवर एक शिट्टी होऊ द्या, मग आच अगदी बारीक करून आठ-दहा मिनिटं. गॅस बंद करा आणि कुकर आपोआप उतरू द्या, त्या दहा मिनिटांतही डाळ शिजतच असते.

शिट्ट्या मोजायची सवय मोडायला हवी. कुकरमध्ये एकदा दाब आला की आत सुमारे १२० अंश तापमान असतं. आच मोठी ठेवली म्हणून ते वाढत नाही, फक्त जास्तीची वाफ शिट्टीवाटे बाहेर जाते. आपण पैसे देऊन तापवलेलं पाणीच ते. आच बारीक करूनही कडेने वाफ येत असेल तर रबर गेलं आहे, नवं आणा. दोन महिने ओढाताण करून चालवलेलं रबर नव्या रबरापेक्षा महाग पडतं.

डबे लावताना तळाला डाळ, वर भात, झाकणावर दोन बटाटे. कुकरात पाणी दीड ते दोन पेले. त्यात पिळलेल्या लिंबाची फोड टाकली की ॲल्युमिनियम काळं पडत नाही. काबुली चणा आणि राजमा यांना बोअरच्या पाण्यात भिजवावंच लागलं तर चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून भिजवा आणि ते पाणी फेकून द्या. तुरीला सोडा नको, ब-१ जीवनसत्त्व जातं आणि वरणाला साबणासारखी चव येते.

प्रश्न : गॅस परवडत नाही म्हणून इंडक्शन घ्यायचा विचार आहे. सध्या विजेचा वापर महिन्याला १३५ ते १४० युनिट, बिल अगदी कमी येतं. शेजारी म्हणतात इंडक्शन स्वस्त. खरं का? (विजय नगर)

उत्तर : तुमचं बिल कमी येतं ते कशामुळे, ते आधी बिलावर पाहा. मध्य प्रदेश सरकारच्या अटल गृहज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत असला तर पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपये लागतात, वरच्या युनिटांना नेहमीचा दर. १५० ची रेघ ओलांडली की त्या महिन्याची सवलत सगळीच जाते, फक्त वरच्या युनिटांपुरती नाही. तुम्ही रेघेपासून दहा-पंधरा युनिटांवर उभे आहात. शेजारी उभे नसतील.

सवलत बाजूला ठेवून निव्वळ तुलना अशी होते. एक किलो गॅसमध्ये सुमारे १२.८ युनिट इतकी उष्णता असते. चांगल्या शेगडीवर त्यातली साठ टक्के भांड्यात जाते, बाकी स्वयंपाकघर तापवते. इंडक्शनवर ८०-८५ टक्के भांड्यात जाते. म्हणजे एक किलो गॅस जे काम करतो त्याला इंडक्शनवर नऊ युनिट लागतात. १४.२ किलोची टाकी म्हणजे साधारण १२८ युनिट. टाकीची किंमत १२८ ने भागा. ९०० रुपयांची टाकी असेल तर उत्तर ७ रुपये. तुमचं वरचं युनिट कर-बिर धरून सातच्या खाली पडत असेल तर इंडक्शन स्वस्त, वर पडत असेल तर गॅस. इतका साधा हिशेब आहे, आणि बहुतेक घरांत दोन्ही जवळपास सारखेच निघतात.

तुमच्या घरात टाकी ४२-४५ दिवस जात असेल तर महिन्याला सुमारे १० किलो गॅस लागतो. सगळा स्वयंपाक इंडक्शनवर नेला की ९० युनिट वाढले, १४० चे २३० झाले, सवलत गेली. तुमच्या बाबतीत शेजाऱ्यांचा सल्ला तोट्याचा. फक्त दूध तापवणं आणि दोन वेळचा चहा नेला तर महिन्याला सात ते दहा युनिट वाढतील, म्हणजे तुम्ही रेघेला चिकटलात.

जागा करायची असेल तर ती पंख्यांत आहे. जुना छताचा पंखा ७५ वॉटचा, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० ते ३५ चा. दिवसाला बारा तास चालणारे दोन पंखे बदलले तर महिन्याला २९ ते ३२ युनिट सुटतात. मे महिन्यात कूलर लागला की (१५०-२०० वॉट, आठ तास) ३६ ते ४८ युनिट वाढणारच, तेव्हा हे पंखे आधी बदलणं शहाणपणाचं. रीडिंग झालं त्या दिवशी मीटरचा आकडा कॅलेंडरवर लिहा आणि विसाव्या दिवशी पुन्हा पाहा. शंभरच्या आत असाल तर निर्धास्त, ११० दिसला तर इस्त्री पुढच्या महिन्यावर ढकला. रोजचे सरासरी ५ युनिट, एवढं डोक्यात ठेवलं की पुरे.

गॅस वाचवायचा तर आधी ज्योत पाहा. टोकाला पिवळी झाली की बर्नरची भोकं तुंबली आहेत. गार झाल्यावर काढून पिनेने साफ करा, कोरडा करून लावा. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर आली तर ती हवेला तापवते.

प्रश्न : रोज एक लिटर फुल क्रीम दूध घेते ते साय जमवून तूप करायला. यात खरंच बचत होते का? आणि उन्हाळ्यात लोणी येतच नाही, नुसता चिकट लगदा होतो. (लोकमान्य नगर)

उत्तर : फुल क्रीममध्ये ६ टक्के फॅट, टोन्डमध्ये ३. दोहोंत लिटरला १० रुपयांचा फरक धरला तर महिन्याला ३०० रुपये जास्त जातात. घरी तूप निघतं साडेचारशे-पाचशे ग्रॅम, कारण सगळं फॅट काही सायीत येत नाही. ६५० रुपये किलोच्या भावाने ते तीनशे रुपयांचंच झालं. म्हणजे केवळ तुपासाठी महाग दूध घेण्यात पैसे वाचत नाहीत, बरोबरी होते. वर ताक मिळतं आणि तूप शुद्ध असल्याची खात्री मिळते, त्याचं मोल तुमचं तुम्ही ठरवा. दूध मुलांसाठी तसंही फुल क्रीम येत असेल तर मात्र साय न जमवणं म्हणजे नुकसान. होमोजिनाइज्ड (फॅट बारीक करून दुधात मिसळलेल्या) पाकिटावर साय पातळच येते, तिथे हा खटाटोप करू नये.

लगदा होतो तो उष्णतेने. साय घुसळताना ती १४-१६ अंशांच्या आसपास हवी. एप्रिलमध्ये आपलं स्वयंपाकघर ३५ च्या वर असतं. विरजलेली साय रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, घुसळण्याआधी वीसच मिनिटं बाहेर काढा. भांडं आणि रवीही गार करून घ्या, बर्फाचं पाणी थोडं थोडं घाला. थंडीत उलट होतं, साय फार गार असते आणि फेस येत राहतो, तेव्हा कोमट पाण्याची चूळभर धार लागते. मोहरीएवढे कण दिसू लागले की हात हळू करा. ज्वारीएवढे झाले की थांबा.

लोणी गार पाण्याने दोन-तीनदा धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. ताक राहिलं तर बेरी करपते आणि तुपाला वास येतो. साय आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त साठवू नका, नाहीतर आंबूस वास कढवूनही जात नाही. कढवताना जाड बुडाचं पातेलं घ्या. आधी मोठे पांढरे बुडबुडे आणि तडतड, मग बुडबुडे बारीक होतात, आवाज मंदावतो, तळाची बेरी बदामी दिसते. त्याच क्षणी गॅस बंद, पातेल्याची ऊब पुढचं काम करते. गाळणी आणि बरणी कोरडीठाक हवी. रवाळ तूप हवं असेल तर फ्रिजमध्ये न ठेवता, न हलवता सावकाश थिजू द्या. बेरी टाकू नका. दोन वाट्या कणकेत अर्धी वाटी बेरी, गूळ आणि दूध घालून दशम्या करा, प्रवासात दोन दिवस टिकतात.

प्रश्न : तेलाचं पाकीट घ्यावं की १५ चा डबा? डब्यात स्वस्त पडतं म्हणतात. (तिलक नगर)

उत्तर : १५ काय ते वाचलंत का? १५ लिटर आणि १५ किलो हे दोन वेगळे डबे आहेत. सोयाबीन तेल लिटरला सुमारे ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल साडेतेरा किलोच्या थोडं वर. दोन डब्यांत १ किलो ३५० ग्रॅमचा फरक. पाकिटांतही ७५०, ८०० आणि ८५० ग्रॅमची पाकिटं एक लिटरच्या शेजारी अगदी त्याच रूपात उभी असतात. वजन आणि प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलीलीटर छापलेली किंमत पाहा, एमआरपी नंतर.

चौघांच्या घराला महिन्याला सव्वादोन लिटरच्या आसपास तेल पुरतं. १५ किलोचा डबा सात महिने चालेल, आणि उघडलेलं तेल इंदूरच्या उन्हाळ्यात सात महिने चांगलं राहत नाही. दोन-तीन घरांनी मिळून सियागंजच्या घाऊक बाजारातून डबा आणून वाटून घेतलात तरच तो स्वस्त. आणि एक पदराचं सांगतो, घरात भरलेला डबा दिसला की हात सढळ होतो.

तळणीचं उरलेलं तेल निवल्यावर गाळून आठवड्याच्या आत फोडणीत संपवा. त्यात नवं तेल ओतून पुन्हा तळायला घेऊ नका. काळं झालं, फेसाळलं किंवा लवकर धुरावू लागलं की ते गेलं.

प्रश्न : बटाट्याचा कीस दरवर्षी घालते. काही वर्षी पांढराशुभ्र तळला जातो, काही वर्षी लालभडक आणि कडसर. कृती तीच, मग फरक का? (रामबाग)

उत्तर : बटाटा वेगळा होता म्हणून. शीतगृहात राहिलेल्या बटाट्यातल्या स्टार्चची थंडीने साखर होते, आणि तळताना ती साखर लाल होते. म्हणून कीस आणि वेफर्स नव्या, थेट शेतातून आलेल्या बटाट्याचेच करायचे, फेब्रुवारी-मार्चमध्ये. चोइथराम मंडीत ज्योती, चिप्सोना विचारून घ्या. साल नखाने निघते तो अगदी कोवळा, तो नको. घट्ट सालीचा पक्व बटाटा हवा. पोतं उचलण्याआधी दोन बटाटे घरी आणून चार काप तळून पाहा. शीतगृहाचाच माल आला असेल तर दोन-तीन आठवडे घरात कोरड्या, अंधाऱ्या जागी पसरून ठेवा, साखर बरीचशी उतरते.

पाच किलोचं प्रमाण असं. सोलून सरळ पाण्यात किसा. हवेत राहिलेला कीस काळा पडतो, लाल नव्हे, त्यावरून दोष कुठला ते ओळखता येईल. तीन-चार पाण्यांत धुवा. पाच लिटर पाणी उकळून त्यात दोन चमचे मीठ आणि पाव चमचा तुरटीची पूड घाला, कीस थोडा थोडा टाकून दोन मिनिटांत, पारदर्शक दिसताच काढा. जास्त शिजला तर वाळताना गोळे होतात, कमी शिजला तर काळपट होतो. सुती कापडावर विरळ पसरा, सकाळी आठच्या आत. पहिल्याच दिवशी कडकडीत व्हायला हवा. पाच किलोंचा जेमतेम एक किलो होतो, घाबरू नका.

धुतलेल्या पाण्याच्या तळाला पांढरा साका बसतो तो वाळवून ठेवा. उपासाच्या थालीपिठाला बांधायला त्यासारखं काही नाही.

प्रश्न : भंवरकुआंजवळ खोली करून राहतो, एक इंडक्शन आणि दोन लिटरचा कुकर आहे. रोज सकाळी बाहेर पोहे-जलेबी होते, महिन्याचा आकडा बघून धक्का बसला. घरी केलेले पोहे कोरडे होतात, ठेल्यासारखे नाहीत.

उत्तर : ठेल्यावर पोह्याचं पातेलं उकळत्या पाण्यावर ठेवलेलं असतं. तिथली मऊपणाची किल्ली ती वाफ, तेल नव्हे. एक मोठी वाटी (७५-८० ग्रॅम) जाड पोहे चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली अर्धा मिनिट धुवा, निथळून दहा मिनिटं ठेवा. भिजवून ठेवू नका, लगदा होतो. त्यातच पाव चमचा हळद, अर्धा चमचा मीठ आणि पाऊण चमचा साखर हलक्या हाताने मिसळा. दोन चमचे तेलात मोहरी, अर्धा चमचा बडीशेप, मिरची, कढीपत्ता. पोहे घालून एकदा परता. मग वाडग्यात काढून, झाकण ठेवून, कुकरात उकळत्या पाण्यावर शिट्टी न लावता सात-आठ मिनिटं. वर कच्चा कांदा, शेव, लिंबू. किलोभर पोह्यांत अशा बारा-तेरा प्लेट होतात.

जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) सुट्टीत घरी गेलात की करून आणा. धणे ५० ग्रॅम, जिरे २५, बडीशेप २५, सुक्या मिरच्या १५, चार तमालपत्रं, आठ लवंगा, दोन इंच दालचिनी, दोन मोठ्या वेलच्या हे सगळं मंद आचेवर भाजून पूर्ण गार करा आणि दळा. मग आमचूर २५, काळं मीठ २५, साधं मीठ १५, सुंठ १०, हळद एक चमचा, हिंग अर्धा चमचा, पाव जायफळ किसून. मसाला गरम असताना मीठ आणि आमचूर घातलं तर गाठी होतात. एकट्याला तीन महिने सहज पुरतं.

जलेबी रविवारी खा. ती घरी करण्यात काही वाचत नाही.

प्रश्न : गव्हात सोयाबीन दळून घालायचा सल्ला मिळाला. डाळीचा खर्च कमी होईल का? (परदेशीपुरा)

उत्तर : होईल, पण कच्चं सोयाबीन दळू नका. त्यातला एक घटक पोटातल्या ट्रिप्सिनचं काम अडवतो, प्रथिनं पचत नाहीत आणि पोट फुगतं. सोयाबीनच्या मुलखात राहून, खंडवा रोडवर त्याची राष्ट्रीय संशोधन संस्था असून, ही गोष्ट घराघरांत पोचलेली नाही याचं नवल वाटतं. एक किलो सोयाबीन तीन लिटर उकळत्या पाण्यात टाका, २५ मिनिटं उकळा, पाणी फेकून द्या, चोळून सालं काढा आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा.

नऊ किलो गव्हाला एक किलो. त्याहून जास्त घातलंत तर पोळी लाटताना फाटते, कारण सोयाबीनला चिकटपणा नाही. कणकेला पाणी थोडं जास्त लागतं, आणि मळून अर्धा तास ठेवावी लागते. सोयाबीनमध्ये सुमारे २० टक्के तेल असतं, त्यामुळे हे पीठ उन्हाळ्यात लवकर खवट होतं. दहा दिवसांपुरतंच दळा. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये ३६ ते ४० ग्रॅम प्रथिनं, तुरीच्या डाळीत २२. तेव्हा रोजच्या वरणातली डाळ वाटीभरावरून पाऊण वाटीवर आणायला हरकत नाही. वरण बंद मात्र करू नका, घरातले आधी पोळीवर संशय घेतील.